पाय टेकले म्हणजे गाडी मापाची झाली का?

मागच्या भाषणात आपण गटाच्या कर्जाचे हप्ते कसे लिहून ठेवायचे ते बघितलं. आज त्याच कर्जातून घ्यायच्या एका वस्तूबद्दल बोलायचं आहे. ती वस्तू म्हणजे दुचाकी. आपल्यातल्या कितीतरी जणी आता गाडी शिकताहेत. कुणी बँक सखी आहे, कुणी दूध घालायला जाते, कुणी लेकीला शाळेत सोडते. पण गाडी घ्यायची वेळ आली की आपण रंग विचारतो, ॲव्हरेज विचारतो, हप्ता विचारतो. माप मात्र कुणी विचारत नाही. चप्पल घेताना आपण पायात घालून चार पावलं चालून बघतो. मग गाडी न बसता कशी घ्यायची?

हे आम्हाला शिकवलं आमच्याच गटातल्या एका ताईंनी. त्या पशुसखी आहेत. वाड्यावस्त्यांवर जाऊन शेळ्यांना जंताचं औषध पाजणं, खुरं बघणं, नोंदी ठेवणं हे त्यांचं काम. उंची पाच फूट नऊ इंच. दारातून आत येताना वाकूनच येतात. लग्नाच्या वेळी ‘पोरगी लई उंच आहे’ म्हणून दोन स्थळं परत गेली होती, हे त्या हसत सांगतात.

ताईंनी गटातून चाळीस हजारांचं कर्ज काढून जुनी स्कूटर घेतली. ‘बाईमाणसाला स्कूटरच बरी,’ असं सगळेच म्हणाले. आम्हीही म्हणालो. गाडी चांगली होती, इंजिनात खोट नव्हती. पण ताई बसल्या की गुडघे वर यायचे. हँडल वळवलं की ते गुडघ्याला अडायचं. म्हणून त्या गुडघे बाहेर फाकवून चालवायच्या. एक दिवस वस्तीच्या रेताड वाटेवर हळू वळताना हँडल गुडघ्यात अडकलं, पुरतं वळलंच नाही, आणि ताई गाडीसकट बाभळीत गेल्या. मनगट मुरगळलं, औषधाच्या बाटल्या फुटल्या.

घरी आल्यावर सासूबाई म्हणाल्या, “तुला सांगितलं होतं, बायकांना गाडी झेपत नाही.” ताईंनी दोन महिने गाडीला हात लावला नाही. लांबच्या वस्त्या सुटल्या, मानधन घटलं, हप्ता मात्र चालूच राहिला. खरं सांगतो मैत्रिणींनो, आम्हालाही मनातून वाटलं होतं की ताईंना जमत नसेल. ही आमची चूक होती.

चूक कळली ती गाडी विकायला नेली तेव्हा. तालुक्याच्या मिस्त्रीने ताईंना गाडीवर बसायला सांगितलं, लांबून बघितलं आणि म्हणाला, “ताई, तुम्हाला गाडी येते. ही गाडी तुम्हाला लहान पडतीय.”

आता हे माप कसं बघायचं ते समजून घेऊ.

पहिलं माप आपल्या पायाचं. भिंतीला पाठ लावून, चप्पल काढून उभं राहायचं. एक जाड पुठ्ठ्याची वही दोन पायांच्या मध्ये, जांघेपर्यंत वर सरकवून आडवी धरायची. वहीच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत शिंप्याच्या टेपने मोजायचं. हे काम दोघींनी मिळून करावं. ताईंचं माप आलं 33 इंच. एकूण उंची सारखी असलेल्या दोघींचे पाय सारखे नसतात, म्हणून नुसती उंची सांगून भागत नाही.

दुसरं माप सीटच्या उंचीचं. ते गाडीच्या माहितीपत्रकात मिलिमीटरमध्ये छापलेलं असतं. 25 मिलिमीटर म्हणजे साधारण एक इंच. नेहमीच्या 110 सीसी स्कूटरची सीट 765 मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे 30 इंच. स्प्लेंडर प्लसची 785, म्हणजे 31 इंचाला थोडी कमी. प्लॅटिना 100 ची 807, म्हणजे जवळजवळ 32 इंच. नव्याने शिकणारीचे दोन्ही तळवे जमिनीवर पूर्ण टेकले पाहिजेत आणि गुडघा किंचित वाकलेला राहिला पाहिजे. सीट रुंद असेल तर पाय फाकतात आणि तितकी उंची कमी पडते, म्हणून पायाचं माप सीटपेक्षा इंच-दीड इंच जास्त असलेलं बरं. ज्या मैत्रिणी बुटक्या आहेत त्यांची अडचण इथेच येते, त्यांनी कमी उंचीची सीट बघावी.

उंच बाईची अडचण मात्र उलटी असते. तिचे पाय सगळ्याच गाड्यांवर टेकतात. म्हणून तिला वाटतं, कुठलीही चालेल. तिने तिसरं माप बघायचं. ते माप माहितीपत्रकात बहुधा नसतं. सीटपासून पाय ठेवायच्या जागेपर्यंतचं अंतर किती? ते कमी असेल तर गुडघा घडी घालून बसल्यासारखा दुमडतो. अर्ध्या तासात गुडघे आणि कंबर धरतात. पाय फूटरेस्टवर ठेवल्यावर गुडघा निदान काटकोनात तरी उघडा हवा. मग हँडल डावीकडे पुरतं, उजवीकडे पुरतं वळवून बघायचं. कुठेही गुडघ्याला लागता कामा नये. हात ताठ न होता कोपर जरा वाकलेलं राहायला हवं. पाऊल मोठं असेल तर बूट घालून गियरखाली नीट सरकतं का, तेही बघायचं.

आता चौथी गोष्ट, आणि इथेच आम्ही पुन्हा चुकणार होतो. स्कूटर लहान पडली म्हटल्यावर ताईंचा भाऊ म्हणाला, “अक्का, तुझी उंची बघता तू बुलेटच घे.” आम्हालाही पटलं. शोरूममध्ये ताई बुलेटवर बसल्या. पाय मस्त टेकले, गुडघे मोकळे, ऐटही आली. मग आम्ही म्हटलं, आता उतरा आणि ढकलून मागे घ्या. शोरूमच्या दारात थोडा चढ होता. ताईंनी जोर लावला, गाडी हलेना. वर जराशी कलली तशी दोघांना धरावी लागली.

कारण वजनात आहे. बुलेट 350 ची सीट 805 मिलिमीटर आणि प्लॅटिनाची 807. म्हणजे उंची जवळपास एकच. पण बुलेटचं वजन 195 किलोच्या घरात आणि प्लॅटिनाचं 117. सिमेंटचं एक पोतं 50 किलोचं. एका गाडीत चार पोती, दुसरीत सव्वादोन. उंची आपल्या पायांची असते, पण पडणारी गाडी सावरायची ती ताकदीने आणि सरावाने. गाडी सरळ उभी असते तोवर तिचा भार चाकांवर असतो. ती कलली की भार आपल्या एका पायावर येतो, आणि एका हद्दीपलीकडे तो कुणालाच पेलत नाही. जुना चालवणारा ती हद्द येण्याआधीच सावरतो. नव्याला ती हद्द अजून कळलेली नसते. म्हणून उंच पण नव्या बाईने सीट उंच आणि वजन हलकं अशी गाडी बघावी. 100 ते 125 सीसी पुष्कळ झाली. मोठी गाडी घ्यायचीच असेल तर दोन वर्षं हात बसल्यावर घ्या, कुणी नको म्हणत नाही.

म्हणून शोरूममध्ये हे करा. गाडी स्टँडवरून काढून स्वतः उभी धरा. दहा पावलं पुढे, दहा मागे ढकला. डबल स्टँडला लावा. मग टेस्ट राईड मागा, आणि मोकळ्या जागेत इंग्रजी आठचा आकडा हळूहळू काढून बघा. सरळ रस्त्यावर कुठलीही गाडी बरी वाटते, माप कळतं ते हळू वळताना.

थोडाफार फरक असेल तर दुरुस्त होतो. मिस्त्रीकडून हँडल जरा पुढे-मागे फिरवून घेता येतं, गियरचा आणि ब्रेकचा पायदांडा वर-खाली करता येतो. सीटवाला फोम घालून सीट इंचभर उंच करून देतो. पण स्कूटरमधली पायांची जागा काही वाढवता येत नाही.

लायसन्सचंही लक्षात ठेवा. विनागियर गाडीच्या लायसन्सवर गियरची मोटरसायकल चालवता येत नाही. ताईंना गियरसाठी पुन्हा शिकाऊ लायसन्स काढावं लागलं. ते सहा महिने चालतं आणि तीस दिवसांनी पक्क्या लायसन्सची परीक्षा देता येते. हेल्मेट आयएसआय मार्कचं आणि डोक्याच्या मापाचं घ्या. साडीपेक्षा सलवार बरी. ओढणी कमरेला घट्ट बांधा, चाकाकडे लोंबू देऊ नका.

ताईंनी शेवटी 100 सीसीची उंच सीटची मोटरसायकल घेतली. स्कूटर विकताना सहा हजारांचा तोटा झाला. तो गटाने पुढच्या कर्जात सामावून घेतला, कारण त्या चुकीत आमचाही सल्ला होता. महिनाभर त्या रोज संध्याकाळी शाळेच्या मैदानात फिरवत होत्या. आज लांबच्या वस्त्या पुन्हा सुरू झाल्यात. परवा सासूबाईंना मागे बसवून दवाखान्यात नेलं. सासूबाई उतरल्या आणि एवढंच म्हणाल्या, “ही गाडी बरी हाय.”

आमच्या गटाने आता ठराव लिहिला आहे. गाडीसाठी कर्ज मागणारीने अर्जासोबत तीन गोष्टी सांगायच्या: बसून बघितली का, ढकलून बघितली का, वळवून बघितली का. तिन्हीला ‘हो’ आल्याशिवाय सही नाही. तुमच्या गटाच्या पुढच्या बैठकीत हा विषय घ्या, आणि बैठकीला टेप आणि जाड वही न्यायला विसरू नका.

आणि एखादी मैत्रीण गाडीवरून पडली, तर ‘तुला झेपत नाही’ म्हणण्याआधी तिला एकदा गाडीवर बसवून लांबून बघा. रामराम.