भीती वर, धोका खाली

भिलाईजवळच्या उतईभोवती नजर जाईल तिथवर भाताची सपाट खाचरं. या मैदानाखाली शंभर कोटी वर्षांच्या घरातले चुनखडकाचे आणि शेलचे थर आडवे पसरलेत. नंदिनीच्या खाणीतला चुनखडक भिलाईच्या पोलाद कारखान्यात जातो. कडा मात्र कुठेच नाही. त्यामुळे इथून सह्याद्रीत गेलेल्या माणसाला उभा कातळ फारच अंगावर येतो.

साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा तो बेसाल्ट. थंड होताना आकसला, म्हणून त्याला भेगा पडल्या, आणि खिळे-बोल्ट न ठोकता चढणाऱ्याचा सगळा भरवसा या भेगांवर. भेगेत तो 'कॅम' बसवतो. खटका ओढला की पाकळ्या मिटतात, सोडला की उघडून दोन्ही भिंतींना टेकतात. अमेरिकन गिर्यारोहक रे जार्डिनने घडवलेलं हे साधन 1978 मध्ये 'फ्रेंड' नावाने बाजारात आलं. पाकळीचा आकार लॉगरिदमिक सर्पिलाचा, म्हणून भेग अरुंद असो वा रुंद, कोन साधारण 14 अंशच राहतो. खाली 100 किलोचा ताण आला, तर प्रत्येक भिंतीवर सुमारे 200 किलोचा दाब पडतो. घर्षण त्यानेच टिकतं. पण हाच दाब सुटा पापुद्रा उचकटूनही टाकेल! म्हणून आधी कातळावर बुक्की मारून ऐकायचं. बद्द आवाज आला, तर ती जागा सोडायची.

आता दोराचा हिशोब. लीड करणारा, म्हणजे दोर घेऊन सर्वांत पुढे चढणारा, 24 मीटरवर आहे, शेवटचा कॅम 21 वर. पाय सुटला तर तो 6 मीटर पडेल. पण 24 मीटर नायलॉनचा दोर ताणला जाऊन झटका पचवतो. पडण्याचं अंतर भागिले दोराची लांबी, म्हणजे फॉल फॅक्टर, फक्त 0.25. तोच गडी 6 मीटरवर असेल आणि कॅम 3 वर, तर पडणं तेवढंच, फॅक्टर मात्र 1. शिवाय 6 मीटर पडला म्हणजे थेट जमिनीवरच.

वर पायाखाली दरी उघडी पडते, पोटात गोळा येतो. खाली काहीच वाटत नाही, म्हणून नवखे पहिले कॅम घाईत उरकतात. ते बघून मला राहवत नाही. मी बिलेला, म्हणजे खाली दोर सांभाळायला, उभा असलो, की पहिला कॅम दोनदा खेचून दाखवल्याशिवाय कुणाला पुढे जाऊ देत नाही.