सीडी फिरते, पण गाणं ऐकू येत नाही

मीरा-भाईंदरची महानगरपालिका २००२ साली झाली. त्याच सुमारास भाईंदर पूर्वेच्या आमच्या इमारतीत घरोघरी कॉम्प्युटर येऊ लागले, आणि त्यातले बहुतेक असेंबल केलेले. कंपनीचा तयार संच परवडत नसे. मग सुट्टी बघून स्लो लोकल पकडायची, कारण ग्रँट रोडला फास्ट गाडी थांबत नाही. पूर्वेला उतरून लॅमिंग्टन रोड गाठायचा. १९०३ ते १९०७ या काळात मुंबईचे गव्हर्नर असलेल्या लॉर्ड लॅमिंग्टनचं हे नाव. पाटीवर डॉ. भडकमकर मार्ग लिहिलेलं असलं तरी सुटे भाग घेणाऱ्याच्या तोंडी तो लॅमिंग्टन रोडच. मदरबोर्ड एका दुकानातून, ड्राइव्ह दुसऱ्यातून, साउंड कार्ड तिसऱ्यातून, आणि येताना कॅबिनेटचं खोकं लगेजच्या डब्यात.

घरी सगळं जोडून झालं की हमखास एक अडचण यायची. लग्नाची व्हीसीडी लावली की सनई स्वच्छ ऐकू येई. त्याच ड्राइव्हमध्ये नाट्यगीतांची सीडी घातली की पडद्यावर सेकंद पुढे सरकत, ड्राइव्हचा दिवा लुकलुकत राही, पण स्पीकर मुका. शेजारचे काका म्हणत, “ड्राइव्ह खराब दिली बघ, परत कर.” दुसरं कुणी म्हणे, साउंड कार्ड गेलं. बहुतेक वेळा दोन्ही धडधाकट असत. ड्राइव्ह आणि साउंड कार्ड यांच्यामधली चार तारांची बारीक केबल तेवढी जोडायची राहिलेली असे.

या केबलबद्दलचे समज अजूनही टिकून आहेत. माळ्यावरचा जुना कॉम्प्युटर खाली काढून त्यावर घरातल्या सीडी लावणारे आजही भेटतात आणि तेच प्रश्न विचारतात. म्हणून हे जरा सविस्तर.

गैरसमज : व्हीसीडीचा आवाज येतो, म्हणजे ड्राइव्हपासून स्पीकरपर्यंत सगळं बरोबर जोडलेलं आहे.

वस्तुस्थिती : ड्राइव्हमधून आवाज बाहेर यायला दोन वेगळ्या वाटा आहेत. ड्राइव्हच्या मागे रुंद, पट्टीसारखी ४० पिनांची आयडीई केबल लागते. ती मदरबोर्डला जाते आणि तिच्यातून आकडे वाहतात. व्हीसीडी, डीव्हीडी, एमपी३ची सीडी या सगळ्यांत आवाज फाइलमध्ये बांधलेला असतो. ती फाइल या पट्टीतून आत येते, प्लेअरचं सॉफ्टवेअर ती उलगडतं आणि साउंड कार्डाकडे सोपवतं. ड्राइव्हला त्यात आवाज आहे की चित्र, याचा पत्ताही नसतो.

साध्या गाण्यांच्या सीडीचं तसं नाही. तिच्यावर फाइल नसतेच. सेकंदाला ४४,१०० नमुने, प्रत्येक नमुना १६ बिटांचा, डावा आणि उजवा असे दोन मार्ग; म्हणजे सेकंदाला १,७६,४०० बाइट एका सलग चक्राकार रेघेत. जुन्या पद्धतीत कॉम्प्युटर ड्राइव्हला फक्त हुकूम देई : तिसरं गाणं वाजव. पुढचं सगळं काम ड्राइव्ह स्वतः करी. तिच्या पोटातच आकड्यांचा आवाज करणारी चिप असे, आणि तयार आवाज मागच्या चार पिनांवर आणि पुढच्या हेडफोनच्या भोकावर येई. म्हणजे ती ड्राइव्ह हा एक पूर्ण सीडी प्लेअरच होता. त्या चार पिनांपासून साउंड कार्डावरच्या ‘सीडी इन’ पिनांपर्यंत केबल नसेल, तर तो आवाज स्पीकरपर्यंत जाणार कुठून?

यातच तपासणीची सोपी युक्ती आहे. ड्राइव्हच्या पुढच्या भोकात हेडफोन लावा. तिथे गाणं ऐकू आलं तर ड्राइव्ह निर्दोष आहे. मग केबल बघा, आणि केबल ठीक असेल तर विंडोजच्या व्हॉल्यूमच्या चौकटीत ‘सीडी’ची दांडी म्यूट तर नाही ना, ते बघा. ड्राइव्ह परत करायला पुन्हा ग्रँट रोड गाठण्याआधी एवढं केलं असतं, तर कितीतरी लोकांचा दिवस वाचला असता.

खेळांच्या बाबतीतही हेच होई. १९९६च्या ‘क्वेक’ या खेळाचं पार्श्वसंगीत त्याच्या सीडीवर साध्या गाण्यांसारखंच भरलेलं होतं. केबल नसलेल्या कॉम्प्युटरवर बंदुकांचे आवाज येत, पण संगीत नाही. आमच्या इमारतीतल्या मुलांना बरेच दिवस वाटत होतं, की या खेळाला संगीतच नाही.

गैरसमज : सीडी ड्राइव्हची मुख्य केबलसुद्धा साउंड कार्डालाच जोडावी लागते.

हा निव्वळ चुकीचा समज नाही. एके काळचं सत्य शिळं होऊन उरलं आहे. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला घरगुती कॉम्प्युटरवर सीडी ड्राइव्हसाठी वेगळी सोयच नसे, म्हणून ती सोय साउंड कार्डावर दिली गेली. १९९१च्या साउंड ब्लास्टर प्रोवर पॅनासॉनिकच्या ड्राइव्हसाठी जोड होती. पुढे काही कार्डांवर पॅनासॉनिक, सोनी आणि मित्सुमी अशा तिन्ही तऱ्हांच्या जोडण्या शेजारी-शेजारी असत. तिघांची भाषा वेगळी. त्यातल्या काहींची जोड ४० पिनांची, दिसायला थेट आयडीईसारखी, पण आयडीई नव्हे. लॅमिंग्टन रोडच्या फुटपाथवरून असं जुनं कार्ड स्वस्तात उचललं आणि त्यावर नवी ड्राइव्ह लावली, तर ती कधीच चालणार नाही. दोष कुणाचाच नसतो.

ड्राइव्ह आयडीईच्या बनू लागल्यावर आणि मदरबोर्डावरच आयडीईच्या दोन जोडण्या मिळू लागल्यावर हा सगळा खटाटोप संपला. दोन जोडण्यांवर प्रत्येकी दोन, म्हणजे एकूण चार उपकरणं. हार्ड डिस्क पहिल्या जोडणीवर मास्टर, सीडी ड्राइव्ह दुसऱ्या जोडणीवर मास्टर, मागचा जम्पर त्याप्रमाणे. मधल्या काळातल्या काही साउंड कार्डांवर खरी आयडीई जोडसुद्धा होती, पण बायोसला ती दिसत नसे. डॉसमध्ये वेगळा ड्रायव्हर चढवावा लागे. मदरबोर्डावर जागा असताना ड्राइव्ह तिथे लावण्यात काहीच फायदा नाही.

गैरसमज : ती छोटी केबल उलटी लागली तर कार्ड जळतं.

नाही. या केबलमध्ये वीजपुरवठा नसतोच, फक्त आवाजाचा क्षीण संकेत असतो. चार पिनांची रचना डावा, जमीन (म्हणजे ग्राउंड), जमीन, उजवा अशी. जमिनीच्या दोन तारा मधोमध असल्याने केबल उलटी बसली तर फार तर तबला डावीकडून उजवीकडे जाईल. जुन्या कार्डांवर पिनांचा क्रम वेगळा असे, तिथे एकाच बाजूने आवाज येतो किंवा येतच नाही. त्या कार्डाला जुळणारी केबल मिळाली की काम झालं.

खरा धोका दुसराच आहे, आणि त्याबद्दल कुणी बोलत नाही. फ्लॉपी ड्राइव्हला वीज देणारा छोटा प्लगही चार तारांचाच असतो : लाल, काळी, काळी, पिवळी. लालमध्ये ५ व्होल्ट, पिवळीत १२ व्होल्ट. हा प्लग घाईत कार्डाच्या उघड्या चार पिनांवर दाबला तर कार्ड वाचणार नाही. हातातली तार कुठून आली आहे ते मागपर्यंत बघा. पॉवर सप्लायच्या डब्यातून निघालेली कुठलीही तार साउंड कार्डाच्या आवाजाच्या पिनांवर लावायची नाही.

एक ड्राइव्ह आणि एक रायटर असे दोन असले, की लोक एकच दुतोंडी केबल करून दोन्ही ‘सीडी इन’वर आणत. दोन आउटपुट असे थेट एकत्र बांधले तर ते एकमेकांवर भार टाकतात, आवाज दबतो. बऱ्याच कार्डांवर ‘ऑक्स इन’ नावाच्या आणखी चार पिना असतात. दुसरी ड्राइव्ह तिथे लावावी. मात्र मग तिचा आवाज ‘ऑक्स’च्या दांडीवर चालतो, ‘सीडी’च्या नव्हे.

ड्राइव्हमागच्या दोन पिनांवर ‘डिजिटल’ लिहिलेलं असतं. ती केबल लावायला कार्डावर तशीच डिजिटल जोड हवी, १९९८च्या साउंड ब्लास्टर लाइव्हवर होती तशी. ती नसेल तर त्या पिना तशाच सोडाव्यात. आणि ५२एक्सची ड्राइव्ह गाणी जास्त चांगली वाजवते, हेही खरं नाही. या चार तारांच्या वाटेने गाणं वाजवताना प्रत्येक ड्राइव्ह एकपट वेगानेच वाचते.

गैरसमज : केबल नसेल तर त्या कॉम्प्युटरवर गाण्यांची सीडी ऐकताच येणार नाही.

विंडोज ९५च्या काळात हे जवळपास खरं होतं. नंतर विंडोजने गाण्यांचे आकडेही पट्टीच्याच वाटेने ओढायला सुरुवात केली. विंडोज २०००मध्ये ड्राइव्हच्या गुणधर्मांत त्यासाठी एक चौकट असे, तिच्यावर टिक करायची. २००१च्या विंडोज एक्सपीत तर बहुधा ती टिक आधीच केलेली असे. त्यानंतर केबल विसरली तरी गाणं वाजू लागलं, आणि ती हळूहळू खोक्यातच राहू लागली. आजच्या साटा ड्राइव्हना त्या चार पिना नसतात, नव्या मदरबोर्डांवरही ‘सीडी इन’ दिसत नाही. त्याने काही बिघडलेलं नाही.

उलट, जुन्या कॉम्प्युटरवर ही केबल लावून ठेवली की कधी कधी एक बारीक गुणगुण ऐकू येते. ज्या घरात अर्थिंग नीट नाही तिथे ती जास्त जाणवते. सीडी ऐकायची नसेल तेव्हा ‘सीडी’ची दांडी म्यूट करावी, गुणगुण बहुतेक जाते.

आता मला सर्वांत जास्त कळकळ ज्याची आहे ते.

घरातल्या गाण्यांच्या सीडी हार्ड डिस्कवर उतरवायच्या म्हणून काही जण ड्राइव्ह वाजवतात आणि साउंड कार्डाच्या ‘सीडी इन’वरून रेकॉर्ड करतात. तासाभराच्या सीडीला तासभर लागतो. शिवाय आकड्यांचा आवाज होतो, आवाजाचे पुन्हा आकडे होतात, आणि मधली गुणगुण कायमची त्यात बसते. असं करू नका. पट्टीच्या वाटेने थेट आकडेच उतरवता येतात, तेही काही मिनिटांत.

इथे मात्र साध्या कॉपीवर विसंबून चालत नाही. डेटाच्या सीडीवर २,३५२ बाइटांच्या प्रत्येक तुकड्यात २,०४८ बाइटच माहिती असते. उरलेली जागा पत्त्याला आणि चुका दुरुस्त करायला राखलेली. गाण्यांच्या सीडीवर पूर्ण २,३५२ बाइट आवाजच असतो. दुरुस्तीचा तो जादा थर नसल्याने ओरखडा आला की ड्राइव्ह अंदाजाने जागा भरते आणि तुम्हाला सांगतही नाही. म्हणून ‘एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी’सारखं, घरगुती वापराला मोफत असलेलं सॉफ्टवेअर वापरा. शंकास्पद जागा ते पुन्हा पुन्हा वाचून पडताळतं. उतरवलेलं फ्लॅक या प्रकारात ठेवा. त्यात आकार कमी होतो, पण आवाजातलं काहीही गळत नाही.

घरी रायटरवर लिहिलेल्या सीडी आधी घ्या : आजीच्या ओव्या, शाळेच्या गॅदरिंगचं गाणं, बारशाच्या दिवशीचं रेकॉर्डिंग. दुकानातल्या सीडीवर खड्डे छापलेले असतात. घरच्या सीडीवर रंगाचा थर असतो आणि तो ऊन, उष्णता, दमट हवा यांनी फिका पडतो. विकत घेतलेल्या सीडीची दुसरी प्रत कुठेतरी सापडेल, घरच्या सीडीची नाही. जुना कॉम्प्युटर भंगारात द्यायच्या आधी त्यातली ड्राइव्ह काढून ठेवा. आयडीईची असली तरी यूएसबीच्या कन्व्हर्टरवर ती आजच्या लॅपटॉपला लागते, आणि या कामाला त्या चार तारांची गरज पडत नाही.