कोळंबीच्या रक्तातील पारखी द्रव्ये

समुद्रापासून इतक्या दूर, ग्वाल्हेरीस बसून कोळंबीविषयी बोलावयाचे, हे प्रथमदर्शनी चमत्कारिक वाटेल. परंतु येथील झाशी मार्गावरील संरक्षण संशोधन व विकास आस्थापनेत रिसिन या एरंडाच्या विषाचा अभ्यास झालेला आहे. हे विष आणि कोळंबीचे रक्षण करणारी काही प्रथिने एकाच वर्गात मोडतात. त्या वर्गाला लेक्टिन म्हणतात.

१८८८ साली दोर्पात येथे, म्हणजे आजच्या एस्टोनियातील टार्टू शहरी, श्टिलमार्क या संशोधकाने एरंडीच्या बियांचा अर्क रक्तात मिसळला, तेव्हा तांबड्या पेशी परस्परांना चिकटून त्यांच्या गुठळ्या झाल्या. (एरंडेल घेणाऱ्यांनी घाबरू नये, ते विष तेलात उतरत नाही.) पुढे असे दिसून आले की, काही शेंगांचे अर्क एकाच रक्तगटाच्या पेशींना धरतात, इतरांना नाही. म्हणून १९५४ साली अमेरिकन शास्त्रज्ञ बॉइड यांनी 'निवडणे' या अर्थाच्या लॅटिन धातूवरून लेक्टिन हे नाव सुचविले. पेशीच्या पृष्ठभागावर शर्करेच्या साखळ्या असतात. त्यांतील विशिष्ट रचना ओळखून तिला धरून ठेवणे, हाच या प्रथिनांचा धर्म होय.

आता कोळंबीकडे वळू. आपले शरीर एकदा भेटलेल्या रोगजंतूविरुद्ध प्रतिपिंडे निर्माण करते आणि ती ओळख स्मरणात ठेवते. लसीची सारी मदार यावरच आहे. कोळंबीजवळ प्रतिपिंडे नाहीतच. तिचे रक्त, लोहाऐवजी ताम्र असल्याने, फिकट निळसर असते, आणि ते बंदिस्त नलिकांतून न फिरता इंद्रियांभोवतीच्या पोकळ्यांतून मोकळे वाहते. त्यामुळे जखमेतून शिरलेला जंतू सर्वत्र पसरावयास वेळ लागत नाही. त्याला पहिल्याच भेटीत ओळखावे लागते, आणि त्या कामी लेक्टिनांचा मोठा वाटा असतो. जंतूच्या भित्तिकेवरील शर्करांची ठेवण कोळंबीच्या स्वतःच्या पेशींहून निराळी असते. लेक्टिन, बहुधा कॅल्शियमच्या साहाय्याने, तिला चिकटते. जंतूंचे पुंजके होतात आणि रक्तपेशी ते गिळतात. याच ओळखीतून एक विकर-शृंखलाही जागी होऊ शकते व जखमेवर काळे रंगद्रव्य साचते. बर्फातल्या कोळंबीचे डोके काळवंडलेले पाहून गृहिणी नाक मुरडतात, तो मृत्यूनंतरही चालू राहिलेल्या याच विकराचा प्रताप.

एवढी सिद्धता असूनही पांढऱ्या ठिपक्यांच्या विषाणूपुढे ती अपुरी पडते. १९९४-९५ साली या रोगाने भारताच्या पूर्व किनाऱ्यावरील टायगर कोळंबीची शेते उद्ध्वस्त केली. रोग दिसू लागल्यावर तीन ते दहा दिवसांत सारे तळे मरू शकते. मनुष्यास मात्र त्यापासून अपाय नाही. २००९ साली व्हॅनामी जातीस परवानगी मिळाली, तरी तीही या विषाणूपासून मुक्त नाही.

मग लेक्टिन वाढविले की काम झाले, असे कोणास वाटेल. प्रकरण इतके सरळ नाही. जपानी कुरुमा कोळंबीवर चीनमध्ये झालेले संशोधन २०१४ साली प्रसिद्ध झाले. त्यात एक लेक्टिन रक्तातील नेहमीच्या जिवाणूंची संख्या आटोक्यात ठेवते असे आढळले. दुसरे मात्र पांढऱ्या ठिपक्यांच्या विषाणूलाच पेशीत शिरावयास साहाय्य करते, असे निष्पन्न झाले. पारखी स्वतःच चोराला दार उघडतो, असा हा प्रकार! म्हणून प्रतिकारशक्ती वाढविण्याच्या नावाने एखादी पूड कोणी विकावयास आला, तर कोणते द्रव्य, कोणत्या जंतूविरुद्ध, एवढे तरी कोकणातील खाजणात तळे राखणाऱ्याने त्यास विचारावे. या विषाणूवर अद्याप औषध नाही. बीज सोडण्यापूर्वी त्याची पीसीआर तपासणी करून घेणे, पाणी गाळून घेणे आणि बांधाभोवती जाळीचे कुंपण घालून खेकड्यांना दूर ठेवणे, हेच उपाय हाती आहेत. कारण खेकडा स्वतः धडधाकट दिसत असूनही हा विषाणू वाहून आणू शकतो.