जठरावरील शस्त्रक्रिया आणि दह्यांतील जंतु

शस्त्रक्रियेनें स्थूलपणा हटवितां येतो, ही गोष्ट आतां मुंबई-पुण्याच्या सुशिक्षित घरांत नवलाची राहिलेली नाहीं. परंतु शस्त्रवैद्य रोग्याच्या अंगावरील चरबीच कापून काढतो, हा समज अद्यापि पुष्कळांच्या मनांत आहे. सुरी चालते ती जठरावर. १९६६ सालीं अमेरिकेंतील आयोवा विद्यापीठांत एडवर्ड मेसन यांनीं जी पद्धत सुरू केली, तिच्या आजच्या सुधारलेल्या रूपांत जठराच्या वरच्या टोकाशीं सुमारें ३० मिलिलिटर मावेल एवढीच पिशवी राखतात आणि ती लहान आंतड्याच्या पुढल्या भागास जोडतात. उरलेलें जठर पोटांतच असतें. अन्नाची वाट मात्र त्यांतून जात नाहीं.

चार घांसांत पोट भरतें व वजन उतरूं लागतें. पण निसर्गाची घडी मोडली कीं तिची भरपाई कोठें तरी करावी लागतेच. अन्नांतील ब-१२ हें जीवनसत्त्व मोकळें करण्यास जठरांतील आम्ल लागतें, आणि तें शरीरांत शोषलें जाण्यास जठराच्याच भिंतींतून पाझरणारें एक द्रव्य लागतें. दोन्हींचा पुरवठा आतां तुटपुंजा होतो. लोह व कॅल्शियम ज्या भागांत विशेषेंकरून शोषलें जातें, तोच भाग वाटेंतून वगळलेला असतो. शिवाय आम्लाचा पहारा ढिला पडल्यामुळें लहान आंतड्यांत जंतूंची बेसुमार वाढ होऊं शकते. मग पोट फुगणें, जुलाब होणें असे उपद्रव सुरू होतात.

येथेंच प्रोबायोटिक गोळ्यांचा, म्हणजे उपकारक जिवंत जंतूंचा, प्रश्न येतो. कल्पना जुनी आहे. १९०८ सालीं नोबेल पारितोषिकाचे मानकरी झालेले पॅरिसच्या पाश्चर संस्थेंतील मेच्निकॉफ यांनीं बल्गेरियन शेतकऱ्यांच्या दीर्घायुष्याचें श्रेय आंबलेल्या दुधास दिलें होतें. (रोज विरजण लावणाऱ्या आपल्याकडील गृहिणीस याचें हसूंच येईल!)

शस्त्रक्रियेनंतर या जंतूंचा उपयोग होतो काय, याची परीक्षा अमेरिकेंतील स्टॅनफर्ड येथें झाली व तिचा वृत्तांत २००९ सालीं प्रसिद्ध झाला. ४४ रोग्यांचे दोन गट केले. एका गटास रोज २४० कोटी लॅक्टोबॅसिलस जंतु दिले. तीन महिन्यांनीं त्या गटाचें जादा वजनापैकीं सरासरी सुमारें ४७·६ टक्के उतरलें, दुसऱ्याचें ३८·५. रक्तांतील ब-१२ चें प्रमाणहि पहिल्या गटांत अधिक आढळलें. फल आशादायक खरें. पण ४४ माणसें म्हणजे कांहीं मोठी संख्या नव्हे. पुढें इस्रायलमध्यें, जठराची अरुंद नळी करण्याच्या दुसऱ्या पद्धतीनंतर, यकृतांत मेद सांठलेल्या १०० रोग्यांवर सहा महिने असाच प्रयोग झाला. २०१८ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षांत गोळ्यांचा यकृतास विशेष लाभ दिसला नाहीं.

धोका निराळाच आहे. 'जंतूंनीं ब-१२ वाढतें' एवढेंच कानावर घेऊन एखादा रोगी जीवनसत्त्वांच्या गोळ्या बंद करतो. यकृतांतील सांठा कांहीं काळ पुरतो, म्हणून प्रथम कांहींच बिघडत नाहीं. मग पायांस मुंग्या येतात, चाल डळमळते, आणि मज्जातंतूंची ती हानि कधीं कधीं पुरती भरून येत नाहीं. जीवनसत्त्वें जन्मभर व रक्ततपासणी वेळच्या वेळीं, यास जंतूंची गोळी हा पर्याय नव्हे. सतत ओकाऱ्या होत असतील तर ब-१ ची उणीवहि त्वरेनें ओढवते. तेथें घरगुती उपायांत दिवस घालवूं नयेत.

घरचें दहीं वैद्यानें ठरविलेल्या क्रमांत बसत असेल तर अवश्य खावें, त्यांत प्रथिन आहे. मात्र त्यांत कोणते जंतु किती आहेत हें कोणास सांगतां येणार नाहीं. ज्यांची रोगप्रतिकारशक्ति क्षीण आहे किंवा ज्यांच्या मोठ्या शिरेंत औषधाची नळी बसविलेली आहे, अशांच्या रक्तांत हेच उपकारक जंतु शिरल्याचीं उदाहरणें आहेत. त्यांनीं वैद्यास विचारल्याशिवाय गोळी घेऊं नये. इतरांनीं निदान डबीवर जंतूची जात नांवानिशीं दिली आहे कीं नाहीं, आणि छापलेली संख्या तयार होतांनाची आहे कीं मुदत संपेपर्यंतची, एवढें पाहून मग पैसे मोजावेत.