काम सुटते तेव्हा
श्रीवर्धनच्या किनाऱ्यावरील बेकारी आणि वयोपरत्वे मनःस्वास्थ्य

३ जून २०२० रोजी दुपारी 'निसर्ग' चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर आदळले. ताशी ११० ते १२० किलोमीटर वेगाच्या वाऱ्याने श्रीवर्धन, दिवेआगर, हरिहरेश्वर या पट्ट्यातील नारळी-पोफळीच्या वाड्या काही तासांत आडव्या केल्या. पंचनामे झाले, झाडे मोजली गेली आणि हेक्टरी हिशेब बागाईतदारांना पुरेसा ठरत नाही हे ध्यानी घेऊन शासनाने पुढे झाडागणिक मदत देण्याचे ठरविले. तथापि पोफळीचे रोप लावल्यापासून फळ धरण्यास पाच ते सात वर्षे लागतात आणि भर उत्पन्नास त्याहून अधिक. हा काळ कोणत्याही मदतीने आखूड होत नाही. मधल्या वर्षांत वाडीवर जगणाऱ्या माणसाने करायचे काय, हा प्रश्न पोटाचा तर आहेच. पण तो मनाचाही आहे, आणि पंचविशीतल्या मुलाला, पंचेचाळिशीतल्या कर्त्या पुरुषाला व सत्तरीच्या वृद्धाला तो सारखाच जाचत नाही.

मोठा आकार आणि पांढरा गर यांमुळे 'श्रीवर्धनी रोठा' सुपारीचे नाव दूरवर गेले आहे. तिच्यासाठी कोकण कृषी विद्यापीठाचे स्वतंत्र संशोधन केंद्र श्रीवर्धन येथे आहे. ही सुपारी म्हणजे केवळ बागाईतदाराचे उत्पन्न नव्हे. वाडी शिंपणारा, झाडावर चढून घड उतरविणारा, सुपारी वाळविणारा आणि सोलून देणाऱ्या स्त्रिया या सर्वांचे वर्ष तिच्याभोवती फिरते. वाडी कोसळली की या सर्वांचे काम एकाच दिवशी सुटते. मात्र बेकारांच्या गणतीत यातील फारच थोडे येतात. राष्ट्रीय श्रमशक्ती सर्वेक्षणात ज्याला काम नाही आणि जो ते शोधतो आहे किंवा मिळाल्यास करण्यास तयार आहे, तोच बेकार समजला जातो. पडलेल्या वाडीत दिवसभर खपणारा मालक 'स्वयंरोजगारी' ठरतो. सुपारी सोलण्याची मजुरी बुडालेली आणि दुसरीकडे काम न शोधणारी गृहिणी 'घरकाम करणारी' म्हणून श्रमशक्तीच्याच बाहेर जाते. २०२३-२४ च्या सर्वेक्षणात देशातील बेकारीचे प्रमाण ३.२ टक्के आणि १५ ते २९ या वयोगटातील प्रमाण १०.२ टक्के आढळले. तरुणांचा आकडा एकूण आकड्याच्या तिपटीहून अधिक आहे, ही बाब बोलकी आहे. तथापि पोफळीच्या सावलीतील बेकारी या दोन्ही आकड्यांत पुरती सापडत नाही.

मारियनथालचे गाव

बेकारीने माणसाच्या मनाचे काय होते, याचा एक गाजलेला अभ्यास ऑस्ट्रियातील मारियनथाल या लहानशा गावी झाला. १९३० च्या सुमारास तेथील कापडाचा कारखाना बंद पडला आणि अवघे गाव बेकार झाले. मारी याहोडा, पॉल लाझार्सफेल्ड व हान्स त्साइझेल या संशोधकांनी गावात राहून केलेल्या पाहणीचा वृत्तान्त १९३३ मध्ये प्रसिद्ध झाला. लोकांना आता वेळच वेळ होता. तरी गावच्या ग्रंथालयातील पुस्तकांची देवघेव जवळजवळ निम्म्यावर आली. रस्त्याने चालणाऱ्या पुरुषांची गती मंदावली. ते जागोजाग थांबत. स्त्रिया मात्र झपाझप चालत, कारण चूल, मुले आणि धुणे यांना सुटी नव्हती. काम म्हणजे केवळ मजुरी नव्हे, हा याहोडांनी पुढे मांडलेला निष्कर्ष आहे. काम दिवसाला आकार देते, घराबाहेरच्या माणसांत मिसळविते, चारचौघांत स्थान देते आणि आपण कोणाच्या तरी उपयोगी आहोत ही जाणीव टिकविते. मजुरीची भरपाई झाली तरी या गोष्टींची होत नाही.

श्रीवर्धनच्या परिसरात याचा उलट पुरावाही दरवर्षी पाहावयास मिळतो. १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौकांच्या मासेमारीस बंदी असते. जीवना बंदरात आणि भरडखोल येथे होड्या वर ओढलेल्या असतात, हाती पैसा नसतो. तरीही ही रिकामी बैठक नसते. जाळी विणणे, होडीची डागडुजी, नारळी पौर्णिमेची तयारी ही कामे चारचौघांच्या संगतीत चालतात आणि दर्या केव्हा मोकळा होणार ती तारीख सर्वांना ठाऊक असते. ज्या रिकामपणाला शेवट आहे आणि सोबत आहे तो ओढग्रस्तीचा असला तरी मन खचविणारा सहसा नसतो. ज्याला शेवट दिसत नाही आणि जो एकट्याने सोसावा लागतो, तो घातक होय. वयाचा संबंध येतो तो येथेच.

पहिली ठेच

स्वीडनमधील लुलेओ या शहरात १९८१ मध्ये शाळा संपविणाऱ्या सोळा वर्षांच्या सुमारे एक हजार मुला-मुलींचा मागोवा संशोधकांनी ती बेचाळीस वर्षांची होईपर्यंत घेतला. ऐन तारुण्यात बेकारी भोगलेल्यांचे मनःस्वास्थ्य एकविसाव्या, तिसाव्या आणि बेचाळिसाव्या वर्षीही इतरांपेक्षा कमी प्रतीचे आढळले. त्यानंतरच्या वयात एकदाच आलेल्या बेकारीचा असा दीर्घकाळ टिकणारा व्रण दिसला नाही. ती पुन्हा पुन्हा आली तर मात्र दिसला. पदवी घेऊन दोन-तीन वर्षे भरतीच्या जाहिराती पाहत बसलेल्या मुलाविषयी 'लहान आहे, लागेल कोठेतरी' असे जे सहज म्हटले जाते, ते म्हणूनच धोक्याचे आहे. त्याच्यावर घराचा भार नसेल. पण स्वतःविषयीचे त्याचे मत याच वर्षांत बनत असते.

कर्ता पुरुष गावी परततो

मध्यम वयातील माणसाचे दुःख निराळे. १९८० च्या दशकात ब्रिटनमध्ये पीटर वॉर व त्यांच्या सहकाऱ्यांना बेकार पुरुषांमध्ये सर्वाधिक ताण मधल्या वयात आढळला. संसाराची जबाबदारी याच काळात शिगेला पोचलेली असते. याच सुमारास १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईत डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. तो औपचारिकपणे कधीच मागे घेतला गेला नाही. हजारो कामगार कायमचे बेकार झाले आणि त्यांतील अनेकांनी कोकणातील गावची वाट धरली. गणपती आणि शिमगा हे कोकणात चाकरमान्याच्या येण्याचे दिवस. तो येतो तो नवे कपडे आणि खाऊ घेऊन, आणि परतीचा दिवस ठरवून. भलत्याच महिन्यात आलेल्या माणसाला मात्र प्रत्येक जण विचारतो, 'परत कधी?' या साध्या प्रश्नाला उत्तर नसणे किती जड जाते, हे कोणत्याही पंचनाम्यात येत नाही. २०२० च्या टाळेबंदीत मुंबईहून परतलेल्यांना हाच प्रश्न ऐकावा लागला, आणि पाठोपाठ वादळ आले.

वृद्धांची गोष्ट थोडक्यात सांगता येते, पण ती सर्वांत कमी ऐकली जाते. सत्तरीचा बागाईतदार नोकरदाराप्रमाणे निवृत्त होत नाही. पहाटे वाडीत फेरी हेच त्याचे काम आणि तीच त्याची प्रतिष्ठा. नवे रोप फळ देईल तेव्हा आपण असू की नाही, हा विचार त्याला रोप लावण्यापासूनच परावृत्त करतो. स्त्रियांचे रिकामपण तर दिसतच नाही. मारियनथालप्रमाणे येथेही घरकाम सुटत नाही. सुटते ती स्वतःच्या हातची मजुरी आणि चार बायकांत बसून बोलण्याची जागा.

३२४ अभ्यासांचा एकत्रित आढावा २००९ मध्ये जर्मनीतील कार्स्टन पॉल व क्लाउस मोझर यांनी प्रसिद्ध केला. त्यानुसार मानसिक त्रास असणाऱ्यांचे प्रमाण कामावर असलेल्यांत १६ टक्के, तर बेकारांत ३४ टक्के होते. बेकारांना संरक्षण कमी असलेल्या देशांत परिणाम अधिक तीव्र दिसले.

गावपातळीवर काय शक्य आहे

हा त्रास दवाखान्यात आपल्या नावाने येत नाही. झोप लागत नाही, अन्नावरची वासना उडाली, छातीत धडधडते, डोके दुखते, अशा तक्रारींच्या रूपाने तो येतो. पुरुषांत कित्येकदा दारूच्या. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात विकारपरत्वे ७० ते ९२ टक्के रुग्ण उपचारांवाचून राहिल्याचे आढळले. देशात जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम १९९६ पासून चालू आहे. १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेल्या 'टेलि-मानस' सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र, विनामूल्य आणि मराठीतूनही बोलता येते. हा क्रमांक शाळेच्या व ग्रामपंचायतीच्या फलकावर लिहिण्यास कोणत्याही मंजुरीची वाट पाहावी लागत नाही.

नव्या वाडीत पोफळीच्या कोवळ्या रोपांना सावली हवी असते आणि त्यासाठी केळ लावली जाते. केळीचा घड साधारण वर्षभरात हाती येतो. रोप वितरणाच्या वेळी या आंतरपिकाचा आग्रह धरला, तर उत्पन्नाइतकाच दुसरा लाभ होतो: रोज शिंपण्याचे काम आणि नजरेच्या टप्प्यातील एक तारीख. वृद्ध बागाईतदाराला रोपे निवडण्याचे व तरुणांना दाखविण्याचे काम देता येते. ते ज्ञान त्याच्याजवळच आहे. ग्रामपंचायतीने नुकसानीची किंवा कामाच्या मागणीची यादी करताना नाव व रक्कम यांच्या जोडीला आणखी दोन रकाने आखावेत: माणसाचे वय आणि काम सुटल्याचा महिना. वीस ते पंचवीस वयाच्या ज्या नावांपुढे दोन वर्षांहून जुना महिना येईल, त्यांच्या घरी शिक्षकांनी प्रथम जावे. ती मुले बहुधा त्यांच्याच वर्गातून गेलेली असतात.