धंद्यासाठी कॉम्पॅक्ट एसयूव्ही घेताय? सनरूफच्या आधी हे बघा

ट्रेनिंगला येणाऱ्यांपैकी ज्याचं दुकान जरा सेट झालं, त्याचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो: "सर, नेक्सॉन घेऊ की ब्रेझा?" माझा उलटा प्रश्न असतो, गाडी आठवडाभर काय काम करणार? व्हिडिओत हा भाग घाईत झाला, म्हणून इथे सविस्तर लिहितोय.

आपल्या सोलापुरात टॉवेल-चादरीचा धंदा करणारा माणूस शोरूममध्ये जातो, मागची सीट पाडून बघतो आणि म्हणतो, "चला, आठ-दहा गठ्ठे आरामात बसतील." इथेच थांबा. खासगी गाडीच्या विमा पॉलिसीत 'वापराच्या मर्यादा' नावाचा भाग असतो, तो कोणी वाचत नाही. त्यात भाड्याने वापर आणि मालवाहतूक हे दोन्ही वगळलेलं असतं. सॅम्पल आणि स्वतःचं सामान चालतं, विक्रीचा माल नाही. म्हणजे पुण्याच्या व्यापाऱ्याला दाखवायला चार टॉवेल नेले तर अडचण नाही, पण माल भरलेला असताना अपघात झाला तर क्लेमला कंपनी हरकत घेऊ शकते. शिवाय ब्रेक लागला की सीटबेल्ट माणसाला धरतो, मागचे गठ्ठे मोकळेच असतात. गाडी ताशी ६० वरून अचानक थांबली तर ४० किलोचा गठ्ठा त्याच वेगाने तुमच्या पाठीवर येतो. रोज माल न्यायचा असेल तर छोटा टेम्पो घ्या. माणसं, सॅम्पल, वसुली आणि घरच्यांचं तुळजापूर-अक्कलकोट एवढंच काम असेल, तर पुढे वाचा.

आता सेफ्टी. 'फाइव्ह स्टार' ऐकलं की लोक पुढचं विचारतच नाहीत. नेक्सॉनचंच बघा. पुण्याजवळ रांजणगावला बनणारी ही गाडी ग्लोबल एनकॅपच्या चाचणीत २०१८च्या ऑगस्टमध्ये चार स्टारवर होती आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये पाचवर गेली. भारतात बनलेली ती पहिली फाइव्ह स्टार गाडी. पण ते पाच स्टार मोठ्यांच्या सुरक्षेसाठी होते, मुलांसाठी तेव्हा तीनच. पुढे नियम कडक झाले आणि २०२४मध्ये नव्या नियमांनी तिने दोन्हीकडे पाच मिळवले. मॉडेलचं नाव तेच, पण स्टार कोणत्या वर्षाचे आणि कोणत्या नियमाचे यावर त्यांची किंमत ठरते. सेकंडहँड २०१८ची गाडी घेणाऱ्याने तर हे नक्की बघावं.

२०२३पासून आपली भारत एनकॅप आहे. समोरून धडकेची चाचणी ताशी ६४ किमीला होते. मोठ्यांसाठी ३२पैकी आणि मुलांसाठी ४९पैकी गुण मिळतात. पाच स्टारला किमान २७ आणि ४१ लागतात. नाशिकला बनणारी एक्सयूव्ही ३एक्सओ आणि चाकणची स्कोडा कायलॅक यांनाही इथे पाच स्टार आहेत. सेल्समनकडे स्टारचा फोटो मागू नका, रिपोर्ट मागा. त्यात लहान मुलांचे गुण बघा आणि तुम्ही घेताय त्या व्हेरिएंटला हे स्टार लागू आहेत का ते बघा. आणि हो, मागे बसलेल्याने बेल्ट लावला नाही तर स्टार कितीही असू देत, त्याचा त्याला काही उपयोग नाही.

इंजिनचं बोलायचं तर ब्रोशरमधल्या पॉवरपेक्षा टॉर्क किती आरपीएमला मिळतो ते बघा. नेक्सॉनच्या टर्बो पेट्रोलला १७० एनएम १७५० आरपीएमच्या आसपासच मिळायला लागतात. ब्रेझाच्या साध्या दीड लिटरला साधारण १३७ एनएम, तेही ४४०० आरपीएमला. हैदराबाद रोडवर उसाच्या ट्रॉलीला ओव्हरटेक करताना हा फरक कळतो. पण ब्रेझाचं साधं इंजिन सिटीत गुळगुळीत चालतं, हेही खरं. टेस्ट ड्राइव्ह एकट्याने सात रस्त्याला चक्कर मारून करू नका. चार माणसं बसवा, एसी फुल करा आणि तुळजापूरचा घाट चढवा.

दुकान ते घर एवढंच तीन-चार किमी फिरणार असाल तर डिझेल घेऊ नका. बीएस-६ डिझेलच्या धुराच्या नळीत काजळी पकडणारा फिल्टर असतो. ती काजळी जळायला गाडी हायवेवर बराच वेळ पळावी लागते, नाहीतर फिल्टर तुंबतो.

फीचर्सवर मी फार बोलणार नाही. सहा एअरबॅग, ईएससी, मागे एसी व्हेंट एवढं असलं की बास. मे महिन्यात सोलापूरच्या ४२-४३ डिग्रीत सनरूफ कोण उघडतंय? तरी हौस असेल तर हिशोब करा. आठ लाख कर्ज, साडेनऊ टक्के, पाच वर्षं, हप्ता जवळपास १६,८०० रुपये. वरच्या व्हेरिएंटला दीड लाख जास्त घेतले तर हप्ता आणखी ३,१५० वाढतो. तुमच्या दुकानात १५ टक्के मार्जिन असेल तर त्या ३,१५०साठी दरमहा २१,००० रुपयांची जादा विक्री करावी लागेल, पाच वर्षं.

टॅक्सच्या गैरसमजात अडकू नका. २२ सप्टेंबर २०२५पासून चार मीटरच्या आतल्या, १२०० सीसीपर्यंत पेट्रोल किंवा १५०० सीसीपर्यंत डिझेल गाडीला १८ टक्के जीएसटी आहे. ब्रेझा चार मीटरच्या आत असूनही पेट्रोल इंजिन १४६२ सीसीचं, म्हणून ती ४० टक्क्यांत जाते. "जीएसटी नंबरवर घेतो, क्रेडिट मिळेल" असं बरेच जण म्हणतात. मिळत नाही. माणसं नेणाऱ्या १३ सीटपर्यंतच्या गाड्यांना क्रेडिट बंद आहे. टॅक्सी, ड्रायव्हिंग स्कूल आणि गाड्यांचे विक्रेते यांना सूट आहे, तुमच्या दुकानाला नाही. इन्कम टॅक्समध्ये १५ टक्के घसारा मिळतो, पण वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापरली तर त्याच्या निम्माच. म्हणून मार्चमध्ये घाई करून गाडी घेणाऱ्याने आधी सीएला फोन करावा. आणि बुकिंगचे पैसे भरण्याआधी डीलरकडून पॉलिसीचा नमुना घेऊन त्यातला 'वापराच्या मर्यादा' भाग तिथेच वाचून घ्या.