हेडकामाची सात दशके : पोर्टिंग-पॉलिशिंगचा मागोवा

मोटारीच्या इंजिनाची ताकद शेवटी त्याला किती हवा ओढून घेता येते यावर ठरते, आणि ही हवा ज्या वाटेने आत येते व जळून झाल्यावर बाहेर पडते, ती वाट सिलिंडर हेडमध्ये असते. सिलिंडर हेड म्हणजे इंजिनाच्या ब्लॉकवर बोल्टांनी आवळलेले ओतीव धातूचे झाकण. ज्वलनकक्ष, व्हॉल्व्ह, त्यांच्या बैठका म्हणजे सीट, आणि हवेच्या ये-जेसाठी ठेवलेल्या पोकळ्या म्हणजे पोर्ट, हे सारे त्यात सामावलेले असते. ओतकामात पोर्टच्या भिंती खडबडीत राहतात, सीट आणि पोर्ट जिथे मिळतात तिथे बारीक पायरी पडते आणि पोर्टला जोडलेल्या हवेच्या नळ्यांचे, म्हणजे मॅनिफोल्डचे, तोंड पोर्टच्या तोंडाशी तंतोतंत जुळत नाही. हे दोष घासून काढून पोर्टला योग्य आकार देण्याला पोर्टिंग आणि भिंती गुळगुळीत करण्याला पॉलिशिंग म्हणतात. शर्यतीच्या गरजेतून वाढलेले हे काम महाराष्ट्राला परिचित असलेल्या मोटारींवर गेल्या सात दशकांत कोणत्या मर्यादांत शक्य होते, याचा मागोवा घेतला, तर त्याचे मोल काढलेल्या धातूपेक्षा घेतलेल्या मापांवर ठरते, हे पुन्हा पुन्हा दिसून येते.

या कामाला शास्त्राची बैठक दिली ती प्रामुख्याने इंग्लंडमधील हॅरी वेस्लेक यांनी. 1920 च्या दशकात त्यांनी हेडमधून वाहणारी हवा प्रत्यक्ष मोजण्याची पद्धत विकसित केली. ठरावीक दाबाने हेडमधून हवा ओढायची, व्हॉल्व्ह थोडा थोडा उघडत न्यायचा आणि प्रत्येक टप्प्यावर किती हवा गेली याची नोंद करायची, असे तिचे स्वरूप असून अशा मापनयंत्राला पुढे फ्लो बेंच हे नाव रूढ झाले. पोर्ट जितका रुंद तितका चांगला, हा समज या मोजणीपुढे टिकला नाही, कारण रुंद पोर्टमध्ये हवेचा वेग मंदावतो आणि कमी फेऱ्यांवर इंजिन निस्तेज चालते. अमेरिकेतील एमआयटीचे प्राध्यापक चार्ल्स फेएट टेलर यांनी वेगाची वरची मर्यादाही दाखवून दिली : इनटेक, म्हणजे हवा आत घेणाऱ्या, व्हॉल्व्हपाशी हवेचा सरासरी वेग ध्वनीच्या वेगाच्या सुमारे 0.6 पटीपलीकडे गेला, की सिलिंडर भरण्याची क्षमता झपाट्याने घसरू लागते. पोर्टचा योग्य आकार या दोन मर्यादांच्या मधे कुठेतरी असतो आणि तो डोळ्यांनी दिसत नाही.

महाराष्ट्रात या कामाला अनुकूल अशी मोटार आली ती वालचंद हिराचंद यांच्या उद्योगातून. सोलापुरात जन्मलेल्या वालचंदांनी 1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली आणि मुंबईतील कुर्ल्याच्या कारखान्यातून 1950 च्या दशकात फियाट 1100 रस्त्यावर येऊ लागली. हीच मोटार पुढे 1974 पासून प्रीमियर पद्मिनी या नावाने ओळखली गेली. तिचे इंजिन 1089 सीसीचे, चार सिलिंडरचे, आणि हेड अ‍ॅल्युमिनिअमचे होते, म्हणजे हाताने घासण्यास तुलनेने मऊ. तिची प्रतिस्पर्धी अ‍ॅम्बॅसडर 1489 सीसीच्या ब्रिटिश इंजिनावर चाले आणि तिचे हेड बिडाचे होते. त्यात चार सिलिंडरना मिळून इनटेकचे दोनच पोर्ट असल्याने शेजारच्या दोन सिलिंडरना एकाच वाटेतून हवा घ्यावी लागे, आणि मूळ रचनेचा हा अडसर कितीही घासले तरी दूर होणारा नव्हता. मुंबईतील जुहू, कलकत्त्याजवळील बराकपूर आणि मद्रासजवळील शोलावरम येथील विमानांच्या धावपट्ट्यांवर शर्यती होत. आयातीवर कडक निर्बंध असल्याने बाहेरचे तयार शर्यती हेड मिळणे दुरापास्त होते, म्हणून मिळेल त्या हेडवरच हात चालवणे हाच व्यवहार्य मार्ग उरे.

गावोगावच्या गॅरेजांत मात्र हेडकामाचे प्रयोजन वेगळे होते. अमरावती जिल्ह्याच्या तिवसा तालुक्यातील गुरुकुंज मोझरी हे गाव नागपूर-अमरावती महामार्गावर वसलेले आहे. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी 1935 मध्ये येथे आश्रम स्थापन केला आणि गावाला लागणारे कसब व उद्योग गावातच उभे राहिले पाहिजेत, हा विचार ‘ग्रामगीते’त आग्रहाने मांडला. अशा महामार्गावरील गॅरेजात हेड उतरते ते वेगासाठी नव्हे, तर कॉम्प्रेशन गेले, गॅस्केट जळाले किंवा व्हॉल्व्ह गळू लागला म्हणून. कार्बन काढणे, व्हॉल्व्हची दांडी ज्यात सरकते ती गाइड बदलणे, सीट कापणे, कारागिरांच्या बोलीत ‘वॉल घासणे’ आणि वाकलेल्या हेडला फेसिंग मारणे, म्हणजे त्याचा पृष्ठभाग कापून सपाट करणे, ही ती कामे होत. पोर्टिंगचा मोठा आणि सर्वांत उपयुक्त भाग याच कामांत दडलेला आहे, ही गोष्ट पुरेशी लक्षात घेतली जात नाही.

डिसेंबर 1983 मध्ये मारुती 800 आली आणि घरच्या घरी हेड उतरवणे पूर्वीपेक्षा आटोक्यात आले, कारण तीन सिलिंडरचे, 796 सीसीचे हे इंजिन लहान होते आणि त्याचे अ‍ॅल्युमिनिअमचे हेड हलके. हेड साफ केल्यावर पोर्टच्या तोंडाभोवती मार्किंग ब्ल्यू लावून त्यावर नवे गॅस्केट ठेवतात आणि टोकदार सळईने त्याची आतली कड कोरून घेतात. धातू कुठपर्यंत काढायचा याची ती सीमारेषा ठरते. मग हातातल्या ग्राइंडरला कार्बाइडचा कातणारा बर लावून काम सुरू होते. अ‍ॅल्युमिनिअम बरच्या दातांत भरून बसते, म्हणून त्याला अधूनमधून रॉकेल लावावे लागते. खरी कसोटी लागते ती पोर्ट सीटकडे वळतो त्या वळणाच्या आखूड बाजूला : येथे धार राहिली तर हवा भिंत सोडून भोवरा करते आणि येथेच धातू जास्त निघाला तर पलीकडची पाण्याची वाट उघडी पडून हेड भंगारात जाते. सीटला तीन कोन देतात. ज्वलनकक्षाकडे 30 अंश, मध्ये व्हॉल्व्ह टेकतो तो 45 अंशांचा पट्टा आणि पोर्टकडे 60 अंश, म्हणजे हवा एकदम न वळता टप्प्याटप्प्याने वळते. त्यानंतर घासणीची पेस्ट लावून, रबरी वाटी असलेल्या काठीने व्हॉल्व्ह सीटवर मागेपुढे फिरवतात; कुठेही न तुटलेले राखाडी कडे उमटले, आणि ज्वलनकक्षात ओतलेले रॉकेल पोर्टमध्ये पाझरले नाही, की व्हॉल्व्ह बसला असे मानतात.

पॉलिशिंगविषयीचा सर्वसाधारण समज मात्र दुरुस्त करावा लागतो. एक्झॉस्ट पोर्ट चकचकीत केल्यास त्यावर कार्बन हळू साचतो, हे खरे. पण कार्ब्युरेटरच्या इंजिनात इनटेक पोर्टमधून हवेबरोबर पेट्रोलचे थेंबही जातात आणि आरशासारख्या भिंतीवर ते थराने चिकटून वाहू लागतात, म्हणून इनटेकची भिंत साधारण 80 ते 120 नंबरच्या एमरीने घासून किंचित खरखरीत ठेवणेच हिताचे असते. व्हॉल्व्ह किती उचलला जातो यालाही साधा हिशेब आहे : उचल व्यासाच्या एक चतुर्थांश झाली, की व्हॉल्व्हभोवतीच्या फटीचे क्षेत्रफळ व्हॉल्व्हच्या तोंडाच्या क्षेत्रफळाइतके होते, म्हणजे 32 मिलिमीटरच्या व्हॉल्व्हसाठी 8 मिलिमीटर. त्यापेक्षा कमी उचलीवर हवेला अडवते ती सीटपाशीची फट, आणि तिथे पोर्ट रुंद करून फारसे काही हाती लागत नाही.

फेसिंगच्या बाबतीत वऱ्हाडाच्या हवामानाचा विचार अपरिहार्य ठरतो. मारुती 800 च्या एका सिलिंडरमध्ये पिस्टन सुमारे 265 सीसी जागा व्यापतो. कॉम्प्रेशन रेशो, म्हणजे पिस्टन खाली आणि वर असतानाच्या आकारमानांचे गुणोत्तर, 8.7 धरला तर पिस्टन वर असताना सुमारे 34.5 सीसी जागा उरते. हेडचा पृष्ठभाग कापून ती केवळ 2 सीसीने कमी झाली, तरी रेशो 9.2 च्या जवळ पोचतो. हा बदल डोळ्यांना कळत नाही. ज्वलनकक्षावर पारदर्शक पट्टी ठेवून ब्युरेटने द्रव सोडला, तरच तो मोजता येतो. दुसरीकडे नवतपात, म्हणजे मेअखेरच्या तळपत्या दिवसांत, पारा 45 अंशांच्या आसपास असतो, तेव्हाची हवा 15 अंशांच्या हवेपेक्षा सुमारे 9 टक्क्यांनी विरळ असते, म्हणजे इंजिनाची ताकद तितक्याच प्रमाणात आधीच घटलेली असते; आणि ती भरून काढण्यासाठी रेशो वाढवावा, तर त्याच उष्णतेत इंधन वेळेआधी भडकून इंजिन खटखटू लागते, पिस्टनला धोका पोचतो. युरोपातील थंड हवेत बेतलेले आकडे येथे जसेच्या तसे चालत नाहीत.

सन 2000 नंतर परिस्थिती पालटली. 1 फेब्रुवारी 2000 पासून देशभर शिसेविरहित पेट्रोल आले. शिशाचा पातळ थर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आणि सीट यांच्यामध्ये राहून दोहोंना झिजण्यापासून वाचवत असे, त्यामुळे अ‍ॅम्बॅसडरसारख्या, बिडातच सीट कापलेल्या जुन्या हेडमध्ये कठीण धातूची वेगळी सीट बसवणे शहाणपणाचे ठरू लागले. फ्युएल इंजेक्शन आले आणि हवा वाढली तर इंधनाचा नकाशाही बदलणे आवश्यक झाले. त्याचबरोबर कारखान्यांतील हेडच सुधारले. प्रत्येक सिलिंडरला चार व्हॉल्व्ह आणि संगणकाने बेतलेले पोर्ट यांमुळे हाताने सुधारण्याजोगे फार थोडे उरले. कायद्याची बाजूही स्पष्ट आहे : मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 नुसार नोंदणीतील तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलांशी विसंगत होतील असा बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये हीच भूमिका घेतली. 1 एप्रिल 2020 पासून लागू झालेल्या भारत स्टेज 6 निकषांनंतर धुराची मर्यादा आणखी कडक झाली. ताकद वाढवण्यासाठीच्या पोर्टिंगची जागा आता शर्यतीच्या बंदिस्त मार्गावरच आहे.

तरीही या सात दशकांचा ठेवा मोडीत काढण्याजोगा नाही. पद्मिनी आणि पहिल्या पिढीतील मारुती आजही जपल्या जातात, आणि त्यांची हेडे मूळ मापांत परत आणायची तर सीटचे कोन, गाइडमधील फट, ज्वलनकक्षाचे आकारमान आणि पोर्ट-मॅनिफोल्डची जुळणी ही सारी कौशल्ये लागतातच. घट्ट बसणारा व्हॉल्व्ह आणि सर्व सिलिंडरांत सारखे आकारमान यांमुळे इंजिन सुरळीत चालते, इंधन वाचते आणि धूर कमी होतो. निर्मात्याच्या तपशिलाला यात कुठेही धक्का लागत नाही. तालुक्याच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत आणि महामार्गावरील गॅरेजांत ग्राइंडरच्या जोडीला ब्युरेट आणि मापकाचा सराव रुजला, तर मोझरीसारख्या गावातला कारागीर हेड शहरात न पाठवता तेथेच विश्वासाने दुरुस्त करू शकेल, आणि ‘ग्रामगीते’ने धरलेल्या ग्रामोद्योगाच्या आग्रहाला यंत्रयुगात तितकेच ठोस रूप मिळेल.